पैसे तुम्ही भरणार असाल, तर प्रकाशक तुम्हीच

नमस्कार ताई,

मी घणसोली गावात राहते. वय ४१. तुर्भ्याच्या मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिते. गेल्या नऊ वर्षांत अकरा कथा लिहून झाल्या. सगळ्या आमच्या गावाच्या, खाडीच्या, गेलेल्या जमिनीच्या. एका नावाजलेल्या प्रकाशकाकडे हस्तलिखित दिलं त्याला चौदा महिने झाले, काहीच उत्तर नाही. मध्यंतरी एका कंपनीचा फोन आला. ६५,००० रुपये भरायचे. ३०० प्रती, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक), प्रकाशन समारंभ सगळं ते करणार. पन्नास प्रती मला, बाकीच्या ते विकणार. नमुन्याची आठ पानं त्यांनी छापून पाठवली, दिसायला छान आहेत. मात्र संवाद आगरी बोलीत नकोत, सगळ्या महाराष्ट्राला कळले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं आहे. नवरा म्हणतो, तुझं लिखाण, तू ठरव. बांगड्या मोडायची माझी तयारी आहे. करू का? तीन कथा, करारनामा आणि नमुन्याची पानं सोबत पाठवते.

– एक कथालेखिका, घणसोली

*

प्रिय ताई,

बांगड्या मोडू नका. या करारासाठी तर मुळीच नको.

करार मी पेन्सिल हातात घेऊन वाचला. पहिल्या कलमात त्यांनी स्वतःला 'प्रकाशक' म्हटलंय आणि तिसऱ्या कलमात तुमच्याकडून ६५,००० रुपये मागितलेत. ही दोन कलमं एका कागदावर नांदू शकत नाहीत. लिखाण वाचून, त्याच्यावर विश्वास ठेवून जो पदरचे पैसे घालतो त्याला आपण प्रकाशक म्हणतो. पुस्तक पडून राहिलं तर त्याची झोप उडते. इथे पुस्तक पडून राहिलं तरी कंपनीचं काही बिघडत नाही, कारण त्यांची कमाई तुम्ही पैसे भरता त्याच दिवशी झालेली असते. पैसे तुमचे आणि बुडाले तर बुडणारही तुमचेच, तर मग प्रकाशक तुम्हीच आहात. आणि तुम्ही प्रकाशक असाल तर हक्क, प्रती, फाइली आणि निर्णय, सगळं तुमच्या हातात असायला हवं.

हिशेब मी तुम्हाला काय शिकवणार, ते तुमचं रोजचं काम. तरी एकदा मांडून बघा. किंमत २५० रुपये, तुमचं मानधन दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे २५ रुपये. त्यांच्याकडच्या २५० प्रती एकूण एक खपल्या तरी तुमच्या हातात येणार ६,२५० रुपये. आणि तुम्हाला स्वतःला जास्त प्रती लागल्या तर त्या छापील किमतीवर ३० टक्के सूट देऊन तुम्हालाच विकणार. म्हणजे आपल्याच पैशांनी छापलेलं पुस्तक आपणच पुन्हा १७५ रुपये मोजून घ्यायचं. गाळ्यावर असा सौदा आला असता तर तुम्ही तो उभ्या उभ्या परत केला असता. खर्चाच्या तक्त्यात आयएसबीएनचे ४,००० रुपये लावलेत तेही बघा. तो क्रमांक सरकार फुकट देतं.

सगळ्यात वाईट नववं कलम. 'सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील, संपूर्ण जगातील हक्क कायमस्वरूपी.' म्हणजे कोणी उद्या तुमच्या कथेवर नाटक केलं, सिनेमा केला, तिचं कानडीत भाषांतर केलं, तर परवानगी द्यायची ती कंपनीने. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाला बराच सांभाळून घेतो, हे आपल्याला कुणी सांगत नाही. कथा लिहिली की हक्क तुमचा, कुठे नोंदणी केली नाही तरी. तो तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. हक्क घेऊन वर्षभरात ते वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते लेखकाकडे परत येतात. पण 'कायमस्वरूपी' या शब्दाखाली तुम्ही सही केलीत की हे कवच तुम्ही आपल्या हाताने उतरवून ठेवता. पुढे एखाद्या उत्तम प्रकाशकाशी करार कराल तेव्हाही हे लक्षात असू द्या. मराठी छापील आवृत्तीचा हक्क द्या, तोही मोजक्या वर्षांसाठी. भाषांतर, नाटक, सिनेमा, ऑडिओ यांची बोलणी त्या त्या वेळी वेगळी करा. आणि वर्षातून एकदा विक्रीचा हिशेब लेखी मिळेल हे कलम नसेल तर सही करू नका.

पैसे घेऊन पुस्तक छापून देणारे सगळे लबाड असतात असं मी म्हणणार नाही. वागळे इस्टेटमध्ये, तुर्भ्याच्या एमआयडीसीत मला सरळ माणसंही भेटली आहेत. ती सांगतात, आम्ही अक्षरजुळणी करतो, छापतो, बांधतो. त्याचे इतके पैसे. सगळ्या प्रती तुमच्या, घेऊन जा. हा स्वच्छ व्यवहार आहे. स्वतःला प्रकाशक म्हणवून घ्यायचं आणि प्रकाशकाची जोखीम मात्र लेखकाच्या गळ्यात घालायची, हे मला सहन होत नाही.

सहन होत नाही, कारण मी त्यातून गेले आहे. २००८ साली माझी पहिली कादंबरी अशाच एका संस्थेने काढली. हजाराच्या खाली ऑफसेट परवडत नाही म्हणून हजार प्रती. वर्षभराने गोदाम रिकामं करायचं निघालं आणि सातशेवर प्रती टेम्पोने कळव्याला माझ्या घरी येऊन पडल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दिवाणाखाली गठ्ठे, पोटमाळ्यावर गठ्ठे, दारामागे गठ्ठे. खाडीकाठची दमट हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या पावसाळ्यात एक गठ्ठा उघडून पाहिला तर कागदाला लाटा आलेल्या. पुस्तक मधोमध उघडलं की पाठीचा गोंद तडकायचा आणि पानं सुटून हातात यायची. नुसती गोंदाची बांधणी होती, आत शिलाई नव्हतीच. चारशेच्या वर प्रती रद्दीत गेल्या. काट्यावर त्यांचं वजन होत होतं तेव्हा मी तिथे उभी होते. त्याहून जास्त लागलं ते पुढे. दुसरी आवृत्ती स्वतः काढावी म्हटलं, तर अक्षरजुळणीची फाइल मिळेना. ती त्यांची मालमत्ता आहे म्हणाले. २१२ पानं मी पुन्हा एकदा टाइप केली, रात्री जेवणं आटोपल्यावर, तीन महिने. म्हणून तुम्ही कुणाकडूनही काम करून घ्या, छपाईची पीडीएफ आणि ज्यात दुरुस्ती करता येते ती मूळ फाइल, दोन्ही तुमच्या पेनड्राइव्हवर आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

आता त्या चौदा महिन्यांबद्दल. उत्तर आलं नाही म्हणजे कथा वाईट आहेत, असं मनात आणू नका. बहुतेक वेळा ते पाकीट कुणी उघडलेलंच नसतं. पूर्णवेळ संपादक ठेवू शकणारी मराठी प्रकाशनगृहं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि येणाऱ्या हस्तलिखितांचा ढीग मोठा आहे. चार ओळींचं पत्र लिहा: अमुक तारखेला दिलेलं हस्तलिखित विचाराधीन आहे का, महिनाभरात कळलं नाही तर मी ते मागे घेतलं असं समजावं. नम्रपणे लिहा, पण लिहाच. मग तुम्ही मोकळ्या.

मोकळ्या झालात की लगेच छपाईकडे धावू नका. आधी एकेक कथा बाहेर पडू द्या. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या मराठी कथेचं पहिलं दार दिवाळी अंक हेच आहे. गणपतीच्या आसपास बऱ्याच संपादकांचे अंक भरत आलेले असतात, म्हणून कथा मे-जूनमध्येच पोचली पाहिजे. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. दुसरं म्हणजे छोटे प्रकाशक शोधा, वर्षाला तीन-चारच पुस्तकं काढणारे आणि स्वतःचे पैसे घालून काढणारे. ही मोठ्या प्रकाशकांच्या खालची पायरी आहे असं समजू नका. १९५५च्या सुमारास मुंबईतली तरुण कवीमंडळी सायक्लोस्टाइलवर अंक काढू लागली, त्यातून लघुनियतकालिकांची चळवळ उभी राहिली आणि मराठी कवितेचं वळण बदललं. त्या चळवळीतल्या अशोक शहाणे यांनी 'प्रास प्रकाशन' चालवलं. मोजकी पुस्तकं, पण टाइप आणि मांडणीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांची नजर. अशा माणसाकडे हस्तलिखित पाठवायचं तर आधी त्याची दोन पुस्तकं विकत घेऊन वाचा. तुमच्या कथा त्यांच्या शेजारी बसतील का ते तुम्हालाच कळेल. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजनाही आहे. तिची जाहिरात निघते, तिच्यावर लक्ष ठेवा.

यातलं काहीच जमलं नाही, तर स्वतः काढा. मीही तेच केलं, आणि त्याचा मला आनंद आहे. पण मग पैसे कशावर घालायचे? इथे माझं ठाम मत आहे. पहिला रुपया संपादकाला द्या.

तुमची 'उघाडी' ही कथा घेऊ. ती मी दोनदा वाचली. सुरुवात अशी आहे: 'दि. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली.' पुढे दीड पान नवी मुंबई वसवण्यासाठी जमीन घेतलेली पंच्याण्णव गावं, भूसंपादन, नोटिसा. माहिती खरी आहे, तारीखही बरोबर. त्यानंतर चौथ्या परिच्छेदात आजी येते. मध्यरात्र, हातात कंदील, बांधावरून चालत ती उघाडीपाशी पोचते, वाकते आणि फळीला तळहात लावून उभी राहते. पलीकडून पाणी फळीला रेटतंय की रेटा सैल झालाय, एवढं ती हाताने बघते. मग मागे उभ्या मुलाला विचारते, 'पानी फिरला कं?' त्याला सांगता येत नाही. तिला मात्र कळलेलं असतं.

ताई, कथा इथे सुरू होते. वरचं दीड पान काढून टाका. मला ठाऊक आहे, ते लिहिताना तुम्हाला वाटलं असणार की बाहेरच्या माणसाला आधी सगळं समजावून सांगितलं पाहिजे. आपल्यावर काय झालं ते जगाला माहीत नाही, या दुःखातून ते पान आलंय. पण वाचक आजीच्या तळहातातून त्या जमिनीत शिरतो. एकदा शिरला की तिसऱ्या पानावर तलाठी नोटीस घेऊन येतो तेव्हा दोन ओळीही त्याला पुरतात, आणि त्या दोन ओळी त्या दीड पानापेक्षा जास्त चटका लावतात. तसंच, तुम्ही तळटीप दिली आहे: 'उघाडी म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडण्याचे लाकडी दार.' तीही नको. आजीचा हात फळीवर आहे, पलीकडे भरती आहे, अर्थ कळला.

हे काम संपादकाचं. मुद्रितशोधन करणारा ऱ्हस्व-दीर्घ बघतो. कथा कुठे सुरू व्हायला हवी ते संपादक बघतो. 'सत्यकथा' मासिकाच्या काळात श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक कथा परत पाठवायचे, पुन्हा लिहायला लावायचे, नव्या लेखकाच्या मागे महिनोन् महिने लागायचे. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं. त्या तोलाचं लक्ष आज एखाद्याच भाग्यवान लेखकाला मिळतं, बाकीच्यांना ते पैसे देऊन मिळवावं लागतं. एखाद्या निवृत्त संपादकाला किंवा दिवाळी अंकाचं काम पाहणाऱ्याला एक कथा द्या, तिचे पैसे द्या आणि काय परत येतं ते बघा. नुसती स्तुती आली तर दुसरा माणूस शोधा.

आता बोलीचं. यावर मला थोडं जास्त लिहू द्या.

नमुन्याच्या आठ पानांत त्यांनी 'पानी फिरला कं?'चं 'पाणी फिरले का?' केलंय. 'होरी'ची 'होडी' केलीय, 'डोला'चा 'डोळा'. हे तरी त्यांनी जाणूनबुजून केलं. पण दुसरं काही झालंय ते त्यांच्या लक्षातही आलेलं नाही. तुम्ही जिथे जिथे 'आगर' लिहिलंय तिथे 'आगार' छापून आलंय. यंत्राने सुचवलं असेल, कुणीतरी 'होय' म्हटलं असेल. 'आमच्या आजीचं आगर सरकारने घेतलं' या वाक्याचं 'आमच्या आजीचं आगार सरकारने घेतलं' झालंय. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एसटीचा डेपो येणार. ज्या शब्दावरून तुमच्या समाजाचं नाव पडलं, जिथे पिढ्यान् पिढ्या मीठ पिकलं, तो शब्द एका कान्याने पुसला गेला. जमीन एकदा गेलीच होती, आता कागदावरूनही गेली. सहाव्या पानावर 'दर्याला उधाण' होतं, त्याचं 'दऱ्याला उधाण' झालंय. युनिकोडमधला मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये नेताना रफाराचे असे घोळ होतात, म्हणून प्रूफ वाचताना प्रत्येक 'र्य' आणि 'ऱ्य'वर बोट ठेवून पुढे जायचं.

सगळ्या महाराष्ट्राला कळलं पाहिजे, या म्हणण्यात मला वाचकावर अविश्वास दिसतो. ठाण्याचा वाचक मालवणी वाचतो, वऱ्हाडी वाचतो, अहिराणी ओव्या गुणगुणतो. दोन पानं अडखळतो, तिसऱ्या पानापासून त्याच्या कानात तो आवाज बसतो. नागपूरच्या माणसाला तुमची आजी का कळू नये? 'पाणी फिरले का?' असं विचारणारी बाई त्या बांधावर कधीच उभी नव्हती. बोली ठेवा.

मात्र तुमच्या हातून एक चूक होतेय, तीही सांगते. तीच आजी दुसऱ्या पानावर 'पानी' म्हणते आणि सातव्या पानावर 'पाणी'. एकदा 'नाय', एकदा 'नाही'. वाचकाला मग वाटतं की बोली वरून शिंपडली आहे. एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पात्राला दोन पानं. तो माणूस कोणता शब्द कसा उच्चारतो ते तिथे लिहा. आजीची 'होरी', पण मुंबईत नोकरी करणाऱ्या काकाची 'होडी' असू शकते, आणि तोच काका भांडणात 'होरी' म्हणाला तर ती कथेतली मोठी घटना आहे. ही वही संपादकाला द्या, मुद्रितशोधकाला द्या, अक्षरजुळणी करणाऱ्याच्या टेबलावर ठेवा. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना संवाद मोठ्याने वाचून दाखवा. त्या हसतील तिथे खूण करा, भुवया उंचावतील तिथे दुरुस्ती.

छपाईचं गणित असं. अकरा कथांचे साधारण ४२,००० शब्द. डेमी आकाराच्या पानात २८० शब्द धरले तर दीडशे पानं, आणि सुरुवातीची शीर्षक, श्रेयनामावली, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका धरून १६०. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे बरोबर दहा फर्मे. मजकूर १६५ पानांवर गेला तर पाच पानांसाठी अकरावा फर्मा लागेल, म्हणून मांडणी करतानाच दहात बसवा. प्रती दोनशेच काढा, डिजिटल छपाईवर. आता हजाराचा हट्ट धरायचं कारण उरलेलं नाही. पुढचे आकडे मी समजण्यापुरते धरते, तुम्ही तीन ठिकाणांहून लेखी दर मागवा. समजा संपादन आणि मुद्रितशोधन १२,०००, मांडणी पानाला ४० रुपयांनी ६,४००, मुखपृष्ठ ६,०००, छपाई-बांधणी प्रतीला ९० रुपयांनी १८,०००. एकूण ४२,४००. किंमत २५० ठेवली, शंभर प्रती तुम्ही हातोहात विकल्या आणि शंभर दुकानांतून ४० टक्के कमिशनवर गेल्या, तर २५,००० अधिक १५,०००, म्हणजे ४०,०००. चोवीसशे रुपये अजून अंगावर. पहिल्या दोनशे प्रतींत पैसे सुटत नाहीत, हे आताच मनाशी मान्य करा. पण संपादन, मांडणी, मुखपृष्ठ यांचा खर्च एकदाच होतो. पुढच्या शंभर प्रतींना फक्त ९,००० लागतील, आणि हातोहात विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे १६० रुपये उरतील. म्हणून तर फाइल तुमच्याकडे हवी.

बांधणीत काटकसर करू नका. शिलाईचे वेगळे पैसे पडतात, ते द्या. कागद किंचित पिवळसर छटेचा घ्या, डोळ्याला बरा. आणि सगळ्या प्रती छापायच्या आधी एक डमी, म्हणजे नमुन्याची प्रत, मागा. ती टेबलावर उघडी ठेवा. पानं ताठ उभी राहून मिटायला बघत असतील तर कागदाचे तंतू आडवे लागलेत; ते पाठीला समांतर हवेत. प्रेसवाल्याला 'ग्रेन उलटा आहे' एवढं म्हटलंत की त्याला समजतं, आणि या बाईला काम कळतं हेही समजतं.

आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मिळतो, ऑनलाइन अर्ज करून, विनामूल्य. तो स्वतःच्या नावावर घ्या. कंपनीच्या नावावरचा क्रमांक घेतलात तर जगाच्या नोंदीत तुमच्या पुस्तकाचे प्रकाशक ते होतात. प्रकाशक झालात की एक कर्तव्यही येतं, आणि मला ते फार आवडतं. १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. फार थोडे लेखक-प्रकाशक हे पाळतात. तुम्ही पाळा. घणसोलीचं आगर कोलकात्याच्या कपाटात राहील.

विक्रीबद्दल थोडक्यात. समारंभ मोठ्या नाट्यगृहात कशाला? तुमच्या गावातल्या देवळाच्या सभामंडपात करा, शाल-श्रीफळं कमी आणि वाचन जास्त. आजीचा प्रसंग मोठ्याने वाचा. त्या संध्याकाळी पन्नास प्रती जातील, माझा अनुभव आहे. मग ग्रंथालयं. दर जिल्ह्यात होणारा ग्रंथोत्सव. मार्केटमधले लोकही वाचतात, गाळ्यावर दोन प्रती ठेवा. उधारीवर दिलेल्या प्रतींची नोंद तुम्ही ठेवालच, त्यात तुम्ही माझ्या पुढे आहात.

एक दिवस सुट्टी काढा. घणसोलीहून ठाण्याची गाडी पकडा. रबाळे, ऐरोली, दिघा गाव, ठाणे. स्टेशनवरून मराठी ग्रंथ संग्रहालयात जा. १८९३ सालची संस्था आहे. कथासंग्रहांच्या कपाटापुढे बसा आणि पुस्तकांची फक्त दुसरी पानं वाचा, जिथे प्रकाशक, मुद्रक, हक्क, आवृत्ती लिहिलेली असते. वेगवेगळ्या काळातली तीस पुस्तकं बघा. हक्क लेखकाच्या नावावर किती आणि प्रकाशकाच्या नावावर किती, ते मोजा. मग तुमच्या पुस्तकाचं ते पान कोऱ्या कागदावर हाताने लिहून काढा. 'प्रकाशक' या शब्दापुढे आपलं नाव लिहिताना हात थरथरला तर थरथरू दे.

'उघाडी' चौथ्या परिच्छेदापासून सुरू करून मला पुन्हा पाठवा. नमुन्याची आठ पानं परत पाठवते आहे. 'आगार' दिसलं तिथे लाल खूण केली आहे, अकरा ठिकाणी. माझ्या नजरेतून निसटलेली तुम्ही शोधा, तो शब्द तुमच्या घरचा आहे.

तुमची,
ताई